मधल्या स्पीकरची तार

मी उकंडा पंजाबराव गावंडे, वय एकाहत्तर, धंदा टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्ती (आता बंद), राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणेच व्हावी. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. यापूर्वी तोंडी जे काही बोललो असेन ते रागात बोललो. ते धरू नये.

१. राहते घर माझी पत्नी सौ. नलू हिचे. ती आहे तोवर त्यात कोणी भिंत घालू नये, रंगसुद्धा तिला विचारून द्यावा. तिच्यानंतर मुलगा रजत आणि मुलगी समीक्षा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. समीक्षा लग्न होऊन उमरखेडला गेली म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. रजतने तोंड वाकडे करू नये.

२. बँकेतली ठेव नलूची. यावर चर्चा नको.

३. सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि पेचकसांचा डबा समीक्षाला. लहानपणी ती दाताने तार सोलायची, मार खाल्ला तरी सोलायची. रजतला मोबाइलशिवाय काही उघडता येत नाही.

४. आता मुख्य. बैठकीतला संच, म्हणजे ब्लू-रे प्लेअर, रिसीव्हर, पाच स्पीकर आणि धमधम करणारा मोठा डबा. रजत म्हणतो, "बाबा, भंगार हाय हे. भितीले एक साउंडबार लावू, काम खतम." काम असे खतम होत नसते. संच विकू नये, सुटा करू नये. प्लेअर बिघडला तर नवा घेताना ओरखडे पडलेली डिस्क सोबत न्यावी आणि दुकानातच लावून पाहावी. अडखळला तर तिथेच ठेवून यावे. रिसीव्हर घेताना पुढचे दिवे पाहून भुलू नये, त्याची पाठ पाहावी. एचडीएमआयच्या जागा किती आणि स्पीकरच्या तारा घट्ट बसतात की नाही, एवढेच खरे. प्लेअरची तार रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरची टीव्हीत. प्लेअर सरळ टीव्हीला जोडला तर रिसीव्हर नुसता शोभेचा राहतो. आणि जोडून झाल्यावर एकेका स्पीकरचा आवाज वेगळा तपासावा. हे मी घाटंजीतल्या कितीतरी घरांत केले. माझ्या घरी केले नाही. दिव्याखाली अंधार.

५. कबुली. हा संच मी अकरा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी नागपूरहून आणला. माझ्या बापाची पिठाची गिरणी होती आणि दसऱ्याच्या पूजेची त्याची रीत होती, जिथे जोड तिथे हळदीकुंकवाचे बोट. मीही तेच करत आलो. त्या दिवशी जोडणीआधी पूजा उरकली आणि रिसीव्हरच्या पाठीवर जिथे जिथे तार बसते तिथे तिथे कालवलेल्या कुंकवाचे बोट लावले. बाकीच्या तारांना पिना होत्या, त्या नीट बसल्या. मधल्या स्पीकरची तार उघडी होती. ती कुंकवात रुतली, कुंकू वाळून खडा झाला. माणसांचे बोलणे मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येते. ते आलेच नाही.

नलू पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, बोलनं काही समजत नाई जी, निस्ता बाजाच वाजून राह्यला." मला मारामारीचा शौक, मला बाजा पुरत होता. मी म्हणालो, "संच नागपूरचा हाय. कान तुये गेले." शेजारचा दुकानदार नेमसिंग चहाला आला होता. तो म्हणाला, "भाऊ, मधला डब्बा मुका हाय. तार पाह्य." मी त्याला चहा अर्धा असताना उठवले आणि सहा वर्षे त्याच्याशी बोललो नाही.

आवाजातले मला सगळे कळते या गुर्मीत डॉक्टरला न दाखवता नलूसाठी कानाचे मशीन आणले. ते घातले की तिचे डोके दुखायचे. गावभर सांगितले की नलूला ऐकू येत नाही. बाया तिच्याशी ओरडून बोलायला लागल्या, म्हणून तिने भजनाला जाणे सोडले. सिनेमा लागला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. अकरा वर्षे.

दरवर्षी पूजा पुढूनच उरकत होतो. गेल्या दसऱ्याला पहिल्यांदा रिसीव्हर पुसायला फिरवला तेव्हा तो लाल खडा दिसला. सुईने कोरून काढला, तार बसवली आणि पडद्यावरची माणसे स्वच्छ बोलायला लागली. नलू बाजारात गेली होती. ती यायच्या आत मी तार परत काढून ठेवली. लाज वाटली. याच्याइतके हलके काम मी जन्मात केले नाही.

६. म्हणून सगळा संच नलूचा. ~~माझ्या तेरवीनंतर समीक्षाने~~ ती तार बसवावी आणि नलूला समोर बसवावे. तिचे कान चांगले होते व आहेत, हे मी लिहून देतो. नातवाने आजीशी ओरडून बोलू नये.

७. नेमसिंगला माझी स्कूटर द्यायची होती. साक्षीलाही तोच हवा होता. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नका. विचार करून त्याला साक्षीदारच केले. कलम पाचखाली सही करणे त्याला स्कूटरपेक्षा जास्त आवडेल.

पुरवणी. सहीपूर्वी निवृत्त मुख्याध्यापिका दीपमालाबाई भगत यांनी हा मजकूर बैठकीत वाचून दाखवला. हळू वाचा, असे मीच सांगितले होते. नलू आत भाकरी थापत होती. कलम सहा संपता संपता थापण्याचा आवाज थांबला. पिठाच्या हातांनी ती दारात आली. मशीन कानात नव्हते.

"तेरवीपर्यंत काहून थांबू मी?" ती म्हणाली. "अकरा वर्स थांबली न. उठा. तार लावा."

सबब कलम सहातील शब्द माझ्या हाताने खोडले असून तेथे "आजच मी" असे वाचावे. तार लावली. सिनेमा पुरा झाल्याशिवाय सह्या होणार नाहीत, असे नलूने सांगितल्यामुळे सर्वजण बसून राहिले. मधेच मी काही बोलायला गेलो, तर ती म्हणाली, "चूप बसा, ते बोलून राह्यले."

ठिकाण: घाटंजी
दिनांक: ११ जानेवारी २०२६

सही: उकंडा पंजाबराव गावंडे

साक्षीदार:
१. दीपमाला संघदीप भगत
२. नेमसिंग हरिसिंग राठोड (सहीशेजारी त्यांनी "मी तवाच सांगतलं होतं" असे लिहिले आहे. राहू द्यावे.)

खालची सही साक्षीदाराची नाही. तिने जागा मागितली, म्हणून दिली.

सगळं ऐकलं.
नलू उकंडा गावंडे