जबड्याखालची गाठ

बाबा, तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याची आधी क्षमा मागते. तुम्ही असताना माझ्या तोंडून दोन वाक्ये सरळ निघत नसत. आजही चारदा लेखणी खाली ठेवून अंगणात फिरून आले.

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग वलगावच्या वाटेला लागत असे, त्या वर्षांतला तो दिवस. अडत्याच्या राखणीच्या कुत्र्याच्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज होती. डागण्या देऊन देऊन तुमच्या बोटांची जाण गेलेली, म्हणून चाचपायला नेहमी माझी बोटे. एक बोट तोंडात जिभेखाली, दुसरे बाहेरून. आत पाणी हलल्यासारखे वाटले तर साचलेली लाळ, चिरावी. गार, दगडासारखी, हाडाला धरून असेल तर लाळेच्या पिंडातच वाढलेली गाठ, तिला शस्त्र लावू नये.

"वैदबुवा, काहून वेळ लावून राहिले? माल उघडा पडला हाये," अडत्या म्हणाला.

कुत्रे गुरगुरले. माझे बोट दातांपाशीच थांबले. तुम्ही विचारलेत आणि मी म्हणाले, "मऊ हाये, बाबा."

तुम्ही चिरलेत. रक्त थांबले नाही, कुत्रे तिथेच गेले. "ढोराच्या वैदाले कुत्र्यातलं काय समजते?" अडत्या चारचौघांत बोलला. तुम्ही फक्त "माह्याच हातून चुकलं" म्हणालात. त्यानंतर त्या बाजारातून तुम्हाला कोणी बोलावले नाही.

आज इथे अकोल्यात, माझ्या सासरी, कुत्रीला तशीच सूज आली. तुमचे शस्त्र आता काकांकडे आहे, म्हणून त्यांनाच बोलावले. त्यांनी बाहेरूनच दाबून पाहिले. "चिरून टाकतो."

मी पदर सावरून खाली बसले आणि तिच्या जिभेखाली बोट घातले. गार. गाठ हलत नव्हती. "शस्त्र नका लावू, काका."

"मराठी शाळेत पहिली आली म्हनून कुत्रीचं तोंडबी वाचते काय? तुले कसं मालूम?"

पाते उघडलेले होते. सासूबाई दारात उभ्या. कारण एकच होते, ते सांगितले: त्या दिवशी मी आत बोट घातलेच नव्हते, मऊ म्हटले ते खोटे होते; आज मात्र बोट आत घातले होते. काकांनी पाते मिटले. कुत्री जगणार नाही, पण दुपारी तिने ताक-भाकर खाल्ली.

हे तुम्हाला आधी सांगायचे होते, बाबा. काकांना आधी सांगितले गेले. कागद घडी घालून फडताळात ठेवते. धाडायला ठिकाण नाही.

कार्तिक वद्य षष्ठी. कचेरीत आत्ताच चारचे टोले पडले.