बुधरामभाऊचं तोंड

मोहटोला, ता. लाखांदूर
दि. २५ जुलै २००४

चि. संघपाल यास,
ताईचा सप्रेम जयभीम, आईचा आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. फोनवर तुझी खुशाली अर्धीच कळते, उरलेली तू बडोद्यालाच ठेवतोस.

बातमी वाईट आहे, ती आधी लिहून टाकते. ढिवरटोलीचा आपला बुधरामभाऊ गेला. नऊ तारखेला पहाटे तलावाच्या पाळीवर जाळं आवरत असताना साप चावला. जीप मिळाली, पण लाखांदूर येण्याआधीच तो गेला. अडतीस वर्षांचा होता. तू बारका असल्यापासून त्याच्या डोंग्यात बसून तलावभर फिरायचास, म्हणून आईनं मला लगेच कळवू दिलं नाही. तेरवी होऊ दे म्हणाली.

काल त्याची बायको, रेवतावहिनी, घरी आली. त्यांची रंजू कडेवर होती, ती आता अडीच वर्षांची आहे. घरात बुधरामभाऊचा एकही फोटो नाही. लग्नात फोटोवाला नव्हता, आणि मतदानाच्या कार्डावर नुसता काळा डाग आहे. ती म्हणाली की, तुमच्या संघपालनं त्याले तीन दिवस पाळीवर बसवून चित्र काढलं होतं, त्याच्यापाशी तं तोंड असंनच. पोरीले मोठी झाल्यावर बाप कसा दिसे हे मी कायनं दाखवू? मी तुझ्या वतीनं हो म्हणून बसले. एखादं चित्र, नाहीतर त्याची झेरॉक्स तरी पाठव.

धानाची रोवणी सुरू आहे, माझ्या वर्गात निम्मी मुलं नाहीत. तब्येतीला जप, आणि आईला दोन ओळी वेगळ्या लिहीत जा.

तुझी,
रत्नमालाताई


बडोदा
दि. ६ ऑगस्ट २००४

ती. ताईस,
संघपालचा सविनय जयभीम. आईला वेगळं पत्र याच पाकिटात आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी वह्या उलथून राहिलो आहे. ताई, माझ्याजवळ बुधरामभाऊची एकेचाळीस रेखाटनं आणि सहा मोठी चित्रं आहेत. आणखी दोन चित्रं मुंबईच्या लोकांनी घेतली, त्यांचे फोटो आहेत. त्यांत पाठ आहे, हात आहेत, पाय आहेत, मान आहे. तोंड एकातही नाही.

मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी माझं कौतुक केलं ते याच पाठींसाठी. एका वर्तमानपत्रानं मला पाठींचा चित्रकार म्हटलं होतं, ते कात्रण तूच वहीत चिकटवलंस. पण खरं काय झालं ते कोणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी बुधरामभाऊ धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून आला होता. मी त्याला सदरा काढायला सांगितलं आणि तलावाकडे तोंड करून बसवलं. तो म्हणाला की, मले उलटा काहून बसवतेस रे? मी म्हणालो की असंच चांगलं दिसते. तो हसला आणि फिरून बसला. तीन दिवस बसला.

रेवतावहिनीला काय सांगू ते तूच कळव.

तुझा,
संघपाल


मोहटोला
दि. १५ ऑगस्ट २००४

चि. संघपाल यास,
ताईचा जयभीम. शाळेतलं झेंडावंदन आटोपून लिहायला बसले.

मी वहिनीला खरं तेच सांगितलं. तिला पटेना. मग तिनं विचारलं की, तीन दिवस संघपाल पाहे तरी काय मंग? याचं उत्तर तिला द्यायचं आहे. ते काम तुझं आहे.

आता क्षमेचं लांबलचक पत्र पाठवू नकोस, ती वाचू शकत नाही आणि मला वाचून दाखवायचं नाही. तू ये. तुला आठवत नसेल तर तिला आठवतं. ती सांगेल आणि तू काढशील. पोलीस लोक चोराचं तोंड असंच काढून घेतात म्हणे, मग चांगल्या माणसाचं का नाही? रागानं लिहिलं आहे, पण ये.

आई तुझ्या वाटणीचे शिंगाडे वाळवून ठेवणार आहे.

तुझी,
ताई


मोहटोला
दि. २४ ऑक्टोबर २००४

ती. ताईस,
जयभीम. तू तिकडे भंडाऱ्याला प्रशिक्षणात कंटाळली असशील. इथलं सगळं सविस्तर लिही असा तुझा हुकूम होता, म्हणून लिहितो.

पहिले दोन दिवस फुकट गेले. मी विचारायचो नाक कसं होतं, वहिनी म्हणायची की नाकासारखं नाक. तिसऱ्या दिवशी आईनं मला बाजूला केलं आणि तिला विचारलं की, तुझ्यावर रागावला तं कसा दिसे? तिथून ती सुटली. रागावला की डावी पापणी खाली यायची. हसताना तोंड मिटूनच हसायचा, कारण तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं दात लाल झाले होते आणि त्याला त्याची लाज वाटायची. उजव्या कानाची पाळी लहानपणी गळ अडकून फाटली होती. ताई, मी त्या कानामागे तीन दिवस बसलो होतो आणि तो कान मी सरळ काढला आहे, अख्खा.

नाकासाठी त्याच्या मावशीला, धुरपताबाईला, समोर बसवलं. तिचं आणि त्याचं नाक एकच, असं टोलीत सगळे म्हणतात. म्हातारी दोन तास हलली नाही. वहिनी माझ्या मागे उभी राहून, चुकलं की पदरानं कोळसा पुसायची. हनुवटी तिनं सात वेळा पुसली. मला आजवर कोण्या सरांनी इतकं दुरुस्त केलं नाही.

काल रंग पूर्ण झाला. सदरा घातला आहे, निळ्या चौकडीचा, मी पहिल्या दिवशी काढायला लावलेला तोच. वहिनीनं जवळ येऊन पाहिलं. मग म्हणाली की, हा तो नोहे. त्याले भाऊ असता तं असा दिसला असता. मी म्हणालो की पुन्हा करू. ती म्हणाली की, नको, पोरीले भाऊ तं भाऊ, आणि चित्र उचलून घेऊन गेली. मी पाळीवर जाऊन बसलो. आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

उद्या निघतो. तुझी भेट या खेपेला चुकली.

तुझा,
संघपाल


मोहटोला
दि. १२ डिसेंबर २००४

चि. संघपाल यास,
ताईचा जयभीम. आईचा खोकला आता बरा आहे.

चित्र मी पाहिलं. चुलीचा धूर लागू नये म्हणून वहिनीनं ते दारासमोरच्या भिंतीवर टांगलं आहे. येणारा प्रत्येक जण थांबतो आणि काय चुकलं ते सांगतो. कोणी म्हणतं कपाळ मोठं झालं, कोणी म्हणतं डोळा बरोबर आहे. सगळे बुधरामभाऊविषयी बोलत बसतात. वहिनीला ते आवडतं असं दिसतं, कारण ती चहा ठेवते.

आणखी एक. टोलीतली शकुनबाई मला वाटेत अडवून म्हणाली की, मी मेल्यावर लोकायनं नाक शोधत फिरू नये, संघपालले सांगा माझं जिवंतपणीच काढाले. तिच्यामागे आणखी चार बाया आहेत. तू मोठा चित्रकार, त्यामुळे मी अजून कोणालाही शब्द दिलेला नाही. या खेपेला विचारून देते.

माया असू दे.
तुझी,
ताई


बडोदा
दि. ९ मार्च २००५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. शब्द देऊन टाक. उन्हाळ्यात येतो, शकुनबाई पहिली.

दुसरी बातमी तुला माझ्याकडूनच कळावी. मुंबईच्या गॅलरीच्या बाईंना मी इथे परतल्यावर काढलेले नवीन चेहरे दाखवले. त्या चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या की चेहरे सगळेच काढतात, तुमची पाठ तुमची होती. यंदाचं प्रदर्शन त्यांनी रद्द केलं. मी इथल्या एका शाळेत अर्ध्या दिवसाची चित्रकलेची नोकरी धरली आहे. तुझ्यासारखाच मास्तर झालो, आता हसून घे.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तुला पटणार नाही. आठ दिवस ब्रश हातात घेतला नाही. पण पाठी काढायला बसलो की वहिनीचा पदर मध्ये येतो. आईला नोकरीचं सांग, गॅलरीचं नको.

तुझा,
संघपाल


मोहटोला
दि. २९ नोव्हेंबर २००९

चि. संघपाल यास,
ताईचा जयभीम, आईचा आशीर्वाद. दिल्लीच्या प्रदर्शनाचं पुस्तक मिळालं. चार उन्हाळे तू ढिवरटोलीत आणि आपल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून काढलेली सव्वीस तोंडं त्यात आहेत, प्रत्येकाखाली नाव आणि गाव. शकुनबाईनं आपलं पान उघडून सगळ्या गावाला दाखवलं. नाक बरोबर आहे म्हणाली. आई तुझा फोटो पाहून म्हणाली की वाळला.

आता मुद्द्याचं. बुधरामभाऊचं चित्र तू या प्रदर्शनासाठी दोन महिन्यांपुरतं नेलंस, वहिनीनं खुशीनं दिलं. परवा ती शाळेत आली. रंजू आता माझ्या दुसरीत आहे, म्हणून मला वाटलं तिच्या अभ्यासाचं विचारायला आली असेल. तसं नव्हतं. ती म्हणाली की, चित्र गेलं तं भित पाहवत नाही, म्हणून डोळे मिटून त्याले आठवाले बसली, तं चित्रातलंच तोंड येते. पहिलं तोंड येतच नाही. ते कुठं गेलं ताई?

पाच वर्षांपूर्वी तिला ते इतकं ठाऊक होतं की तू काढलेली हनुवटी तिनं सात वेळा पुसली. मी तिला पाणी दिलं. जाताना म्हणाली की, त्याले लवकर आना. चित्र म्हणाली नाही, त्याले म्हणाली.

पार्सलनं पाठवू नकोस रे.

तुझी,
ताई


दिल्ली
दि. ७ डिसेंबर २००९

ती. ताईस,
संघपालचा सविनय जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मीही डोळे मिटून पाहिलं. डोंग्यात बसलेला बुधरामभाऊ मला आठवतो, पण त्यानं वळून पाहिलं की तोंड तेच, वहिनीनं पुसून पुसून काढून घेतलेलं. खरं तोंड माझ्याजवळही राहिलेलं नाही. हे मी वहिनीला समोर बसून सांगीन. तू आधी सांगू नकोस.

इथलं प्रदर्शन त्यांनी आणखी महिनाभर वाढवलं आहे. मी आज सकाळी बुधरामभाऊचं चित्र उतरवून घेतलं. व्यवस्थापकांनी विचारलं की त्या जागी दुसरं काय लावायचं. मी सांगितलं की काही नको, नावाची पट्टी तेवढी राहू द्या.

शनिवारी नागपूर, तिथून एस.टी.नं लाखांदूर. चित्र मांडीवर घेऊन येतो आहे. आईला म्हणावं, दोघींचं जेवण जास्त ठेव, वहिनीला आणि रंजूला मी आपल्याच घरी बोलावणार आहे.

लोभ आहेच, तो भेटीत वाढो.
तुझा,
संघपाल