तलावाच्या तळाशी बाभळी

आबा, ते यंत्र परवा पुण्याला परत गेलं आणि माझा राग काही गेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. आता बी.एस्सी. झाले आहे, प्राणिशास्त्र घेऊन, आणि सोलापुरात मत्स्य खात्याच्या ऑफिसात कामाला लागून वर्ष झालं. आपल्या घरात पदवी म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी नानांनी मला शहरात वसतिगृहात ठेवलं. तुमचा धाकटा भाऊ, पण तुमच्यामागे बाप तेच झाले. त्यांना आणि तलावावरच्या सगळ्यांनाच आपण काहीतरी द्यायचं, हे मी वसतिगृहातल्या खाटेवर पडल्या पडल्या ठरवलं होतं.

यंत्र म्हणजे एक करड्या रंगाची पत्र्याची पेटी. ती मोटारीच्या बॅटरीवर चालते. होडीच्या कडेला नळीसारखा दांडा बांधायचा, त्याचं टोक पाण्यात बुडवायचं. ते टोक खाली आवाज सोडतं, आवाज तळाला लागून परत येतो, आणि पेटीतली सुई कागदाच्या गुंडाळीवर तळाची रेघ ओढते. मध्ये मासा असला तर त्याचीही खूण उमटते. सुई कागद जाळतच लिहिते, त्यामुळे केस जळल्यासारखा वास येतो. तुम्ही बांबू टाकून पाणी मोजायचात आणि नुसत्या बुडबुड्यांवरून खालचा मासा कटला की मरळ ते सांगायचात. ते ज्ञान तुमच्याबरोबर गेलं. या पेटीचं तसं होणार नाही, ती कुणालाही सांगेल, असं मला खरंच वाटत होतं. खात्यानं तलावात सोडलेलं कटल्याचं बी मोठं झालं असणार, पण आपल्या लोकांच्या जाळ्यात बोटाएवढी चिंगळंच येत होती. म्हणून मी चार महिने साहेबांच्या मागे लागले, अर्ज केले, आणि पुण्याहून पंधरा दिवसांपुरतं यंत्र आणवलं. ते वापरायचं शिक्षण मात्र मला रत्नागिरीला मिळालं होतं, समुद्रावर.

जाळं कुणाचं लावायचं हा प्रश्न आला तेव्हा नाना म्हणाले, आपलं घ्या. नवं नायलॉनचं, ओढायचं जाळं. नवी पेठेतून दोरा आणून आई आणि नाना अख्खा उन्हाळा ओसरीवर बसून विणत होते. तरंगायला रबरी चपलांचे तुकडे कापून लावले होते, आणि त्यासाठी शेजारपाजारच्या तुटक्या चपला मागताना आईला कोण काय काय बोललं ते ती मला हसत हसत सांगायची. घरात तेवढं एकच मोठं जाळं. माझ्या शब्दावर ते पाण्यात जाणार होतं.

त्या सकाळी साहेब जीपमधून येऊन काठावर छत्री घेऊन उभे राहिले. मी नानांच्या होडीत, पेटी मांडीवर. मागे दुसऱ्या होडीत जाळ्याचं एक टोक धरून तिघं. ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळले ते मला बाई म्हणत होते. एकानं विचारलं, “बाई, ही पेटी माशाचं लगीन बी जमवती का?” सगळे हसले, मीही हसले. आम्ही निघतो. दक्षिणेच्या अंगाला दोन पुरुष खोल पाण्यावर सुई नाचायला लागते. तळाच्या रेघेवर पुंजके उमटतात, जाड, काळे, एकमेकांना लागून. रत्नागिरीत अशी खूण दिसली की खलाशी उठून उभे राहत. मासा आहे, असं म्हणून मी होडी वळवून पुन्हा तिथून न्यायला सांगते. पुन्हा पुंजके. मी नानांना विचारते, इथं मासा असेल ना? नाना वल्हं थांबवून पाण्याकडे बघतात आणि म्हणतात, “तुमी म्हंताय तर बघू की.” आबा, त्यांनी मला तुमी म्हटलं, आणि मला त्याचं बरं वाटलं.

जाळं सोडलं, दोन्ही होड्या ओढायला लागल्या. वीस हात गेलो असू, जाळं अडलं. नाना हळू, हळू म्हणत होते, पण मागचे मासा जड आहे समजून जोरात ओढत राहिले. वर आलं ते मधोमध फाटलेलं, आणि त्यात बाभळीच्या काळ्या, कुजक्या फांद्या. दुष्काळात तलाव आटला, पुढं दोन वर्षं पाणी त्या अंगापर्यंत चढलंच नाही, तेव्हा तिथं बाभळी डोक्याच्या वर गेल्या होत्या. मग पाणी आलं आणि त्या तशाच उभ्या बुडाल्या. तुम्ही तेव्हा नव्हतात. मी वसतिगृहात होते. नानांनी मात्र त्याच बाभळींचा पाला शेळ्यांना घातला होता.

साहेब जीपमध्ये बसून गेले. मी काठावरच नानांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत. ते जाळ्यातले काटे काढत होते. मान वर न करता म्हणाले, “होडीत न्हाय म्हंत्यात का? काठावर इचारायचं व्हतंस, पोरी.”

मला ते ठाऊक होतं. होडी पाण्यात लोटली की जाळं वर येईपर्यंत कुणी ‘नाही’ हा शब्द काढायचा नाही. सात वर्षांची असताना मी तुमच्याबरोबर आले होते आणि मध्येच म्हणाले होते, आबा, हितं मासा न्हाय. तुम्ही होडी काठाला आणलीत, मला उचलून खाली ठेवलंत आणि एकटे परत गेलात. दुपारी ताटात माशाचा मधला तुकडा मला वाढलात, पण दिवसभर बोलला नाहीत. का म्हणायचं नाही, हे ना त्या दिवशी सांगितलंत, ना नंतर. तुमच्यावर मी चिडले आहे ती यासाठी. ज्याला तळ माहीत आहे त्यानंच गप्प बसायचं, ही कसली रीत? शिकलेली पोर समोर बसून चुकतेय आणि चार जाणती माणसं रीत पाळताहेत. खात्यात साहेबांपुढंही असंच चालतं, तिथं तर होडीही नसते. मी अहवालात लिहिलं की स्थानिक मच्छीमारांनी तळाची माहिती दिली नाही. साहेबांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि पुण्याला कळवलं की इथले लोक अजून अशा साधनांना तयार नाहीत. तसं मला म्हणायचं नव्हतं. ते खोडून घ्यावं म्हणून दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा दुसरंच काही विचारून परत आले.

गेले दोन रविवार घरी जाते आहे. ओसरीवर जाळं पसरलेलं असतं, एका कडेला आई, एका कडेला नाना. मी दोरा धरून मध्ये बसते. नाना म्हणतात, मशीनला काय कळतंय बाभळ का मासा, तुझा काय दोष न्हाय त्यात. आई मान हलवते. मी दोरा सोडत राहते.

आबा, मासा एका जागी थांबत नाही. होडी वळवून आम्ही दुसऱ्यांदा तिथून गेलो तेव्हा पुंजके जिथल्या तिथं होते, तेवढेच, त्याच आकाराचे. मी ते पाहिलं होतं. जाळं अजून होडीतच होतं. पण काठावर साहेब बघत होते, आणि मासा आहे असं मी एकदा बोलून बसले होते.

हे नानांना सांगायला हवं. लिहायला मात्र तुम्हाला बसले, कारण तुम्ही काही विचारणार नाही.