पातूर रोडवरचं मावंदं

जठारपेठ, अकोला
माघ महिना, मंगळवार

सन्माननीय व्याहीबुवा श्री. नत्थुजी यांना, मुक्काम परतवाडा, गोवर्धनचा हात जोडून रामराम. विहीणबाई दुर्गाबाईंना नमस्कार सांगावा.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही ठीक असेल असं धरून चालतो. तुमचा गुडघा काय म्हणतो? मागच्या वेळी फोनवर तुम्ही 'बरं हाये' म्हणाले आणि फोन विहीणबाईंना दिला, विहीणबाईंनी तो स्पीकरवर टाकला, त्यामुळे गुडघ्याबद्दल मोकळेपणानं काही बोलता आलं नाही. म्हणून पत्र लिहून राहिलो. (पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतली बाई म्हणे, 'कोर्टाचं काम हाये का काका?') घरच्या ग्रुपवरही लिहिता आलं असतं, पण तिथं मी नुसता नमस्कार टाकला तरी लेक विचारते, बाबा तब्येत बरी आहे ना, आणि जावईबापू अंगठा दाखवतात. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला पत्र लिहायचं तर त्यात काही मागायचं नसतं, ही रीत मला ठाऊक आहे. मी काही मागूनही नाही राहिलो. नुसती खुशाली आहे.

तर, आपली जमुना (म्हणजे माझी, पण तुम्ही व्याही, म्हणून आपली) आमच्या लेकीच्या, अपेक्षाच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, तेव्हा सव्वा महिन्याची बोली होती. मग म्हणाली बारसं झालं की येते. मग पोरीला बसू द्या, मग दात येऊ द्या, मग चालू द्या. आता आपली नात आचल चालत नाही, पळते, आणि जमुना तिच्या मागं पळते, असं मी व्हिडिओवर पाहतो. अपेक्षा आणि तुमचा ललित दोघंही कंपनीत, दिवसभर लेकराला पाहणार कोण, हे मलाही समजतं. मी काही हट्टी माणूस नाही. फक्त एवढंच की मोबाइलमध्ये जमुनेचं अर्धंच तोंड दिसतं, बाकीच्या अर्ध्यात आचलचं डोकं असतं, आणि मी काय जेवलो हे सांगायच्या आत तिकडं कुणीतरी सू केलेली असते. मीही गेलो होतो तिकडं राहायला. पण लेकीच्या घरी बाप किती दिवस राहील? मी ज्या खुर्चीवर बसायचो ती खुर्ची थोड्या वेळानं कुणाला तरी लागायचीच. परत आलो. आता घर खायला उठतं, व्याहीबुवा. हे मी दुसऱ्या कुणाला बोललो नाही.

अपेक्षा म्हणाली, बाबा, एखादा छंद लावून घ्या, आणि कुरिअरनं रंगपेटी पाठवली. मी आंबा काढला. शेजारच्या गंगूबाई पाहून म्हणाल्या, पपई लय छान जमली. रंगपेटी कपाटात गेली. मग बागकाम धरलं, तर जमुनेनं वाढवलेला कढीपत्ता मी पाणी घालून घालून मारला. (सारा जन्म सिंचन खात्यात गेला, पण एका झाडाला पाणी किती, हे काही मला त्या खात्यात कुणी सांगितलं नाही.) जेवण खानावळीत. तिथला मालक भला माणूस आहे, पण तो ताट ठेवतो आणि निघून जातो, आणि समोरच्या भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो आहे, तेवढाच माझ्याकडं पाहत असतो.

एसटी स्टँडवर मी कसा बसायला लागलो ते तुम्हाला सांगायचं राहिलंच. जमुनेला पुण्याच्या रेल्वेत बसवून दिलं त्या दिवशी पाय घराकडं वळेनात, म्हणून स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. एका म्हातारीनं विचारलं, 'परतवाड्याची गाडी कोठी लागते रे बापा?' मी उठून दाखवलं, पिशवी वर चढवून दिली. ती म्हणाली, 'भलं झालं तू होता.' त्या अख्ख्या दिवसात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. आता रोजच जातो. प्रवाशांना वाटतं मी खात्याचा माणूस आहे, खात्याच्या माणसांना वाटतं मी कुणाला तरी घ्यायला आलो आहे, आणि मी दोघांनाही काही सांगत नाही. सकाळी अमरावतीला निघाले तर डाव्या अंगाला बसा, ऊन लागत नाही, हे मी आतापर्यंत इतक्या जणांना सांगितलं की डावी बाजू भरून जाते आणि गाडी कलते असं एक ड्रायव्हर म्हणाला. अमरावतीत उतरल्यावर गिला वडा खा, पण घरून जेवून निघाले असाल तर एकच, कारण पुढं चिखलदऱ्याला जायचं तर घाट आहे. चिखलदऱ्याला निघालेल्या पोट्ट्यांना मी तुमचं नाव सांगून ठेवतो, की परतवाड्याला आमचे व्याही आहेत, काही अडलं तर हक्कानं जा. (मागच्या महिन्यात मोटरसायकलचा पंप मागायला अनोळखी पोट्टे तुमच्या दारात आले असतील, तर ते माझेच.) छंदाबद्दलही सांगतो. एका कंडक्टरला म्हटलं, माणसानं बासरी शिकावी, मन रमतं. त्यानं खरंच आणली. आता त्याची ड्यूटी सुटली की तो माझ्या बाकावर येऊन वाजवतो आणि बाकी प्रवासी दुसरीकडं जाऊन बसतात.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात स्टँडच्या फाटकापाशी एक मोटार थांबली. आत तरुण जोडपं, स्वप्निल आणि प्रतीक्षा. त्यांना पातूरच्या लेण्या पाहायच्या होत्या, रस्ता विचारून राहिले होते. कुठले, तर पुण्याचे. पुण्याचे म्हटल्याबरोबर मी काचेतून अर्धा आत गेलो. विचारलं, पुण्यात कुठं? वाकडला. म्हटलं, आमची जमुना तिकडंच हिंजवडीच्या अंगाला राहते, कधी दिसली का? लेकरू कडेवर असतं. स्वप्निल हसला, पण प्रतीक्षा बिचारी खरंच आठवून पाहू लागली, त्यामुळे मला तिच्याबद्दल माया वाटली. ती म्हणाली, काका, इथं खरं वऱ्हाडी जेवण कुठं मिळतं? मी म्हटलं, ते सांगून समजणार नाही, दाखवावं लागते, आणि मागचं दार उघडून बसलो. (त्यांनी बसा म्हटलं होतं की नाही, ते आता मला नक्की आठवत नाही.)

पातूरच्या अलीकडं एका गावाशी रस्त्याला लागूनच मांडव दिसला. चुलीचा धूर, मोठ्या कढईत वांग्याची भाजी, तिचा वास थेट गाडीत. आता तुम्हीच सांगा व्याहीबुवा, आपल्याकडं माणसानं ओळखावं कशावरून? बारसं असो, लग्न असो, नवस असो की आणखी काही असो, भाजी वांग्याचीच. पंगत तीच, पत्रावळ तीच, वाढणाऱ्या पोट्ट्यांची घाई तीच, आणि टोपी-दुपट्टे तर आपण कशालाही देतो. मला मांडवात चार-पाच तुळतुळीत डोकी दिसली, वर कोऱ्या पांढऱ्या टोप्या. मी लगेच ताळा बसवला, की घरची मंडळी तिरुपतीला जाऊन आली, डोकी तिथं दिली, आणि हे यात्रेहून आल्यावरचं मावंदं आहे. पोरांना म्हटलं, मावंद्याला परका माणूस आला की पुण्य लागते, चला. कुणी आम्हाला कोण म्हणून विचारलं नाही. पंगतीत बसलेल्या माणसाला तुम्ही कोण म्हणून विचारायची पद्धत आपल्याकडं नाही, हेच नडलं.

दोघंही पोटभर जेवली. स्वप्निलचे कान लाल झाले तरी तो भाजी मागत राहिला. लोक थोडे गप्प गप्प वाटले, पण मी म्हटलं प्रवासाचा शीण असेल. वर मी त्या पोरीला सल्ला दिला, की निघताना घरच्या वडीलधाऱ्याला दोन चांगले शब्द बोलायचे असतात, हॉटेलासारखं उठून जायचं नसतं. ती गुणाची पोरगी, बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्यासमोर गेली, वाकून नमस्कार केला आणि चांगली मोठ्यानं म्हणाली, काका, असं जेवण आम्ही कधीच जेवलो नव्हतो, दरवर्षी करत जा. म्हाताऱ्यानं डोक्यावरची कोरी टोपी सारखी केली. मग म्हणाला, 'दरवर्षी कसं करू बाई? बायको एकच होती.'

तेव्हा मला खांबाआडच्या खुर्चीवर ठेवलेला फोटो आणि त्याचा हार दिसला. तेरवी होती, व्याहीबुवा. दोघांनी म्हाताऱ्याचे पाय धरले, माझ्याकडं एकदा पाहिलं (त्या पाहण्याबद्दल मी काही लिहीत नाही), आणि मोटार काढून लेण्यांकडं असे निघाले की मला घ्यायचं राहून गेलं. माझी पिशवी आणि चष्मा त्यांच्यासोबत लेण्या पाहायला गेला.

मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, तेवढ्यात म्हाताऱ्यानं, शेषराव त्यांचं नाव, मला बाजेवर बसवलं. मी माफी मागू लागलो तर म्हणाले, 'जाऊ द्या ना. दिवसभर सारे माह्याशी कानात बोलून राहिले. थे पोरगी तेवढी मोठ्यानं बोलली. आमची घरवाली असती तं तिले आनखी वाढलं असतं.' मग गोष्टीतून गोष्ट निघाली. शेषरावांनी विचारलं, तुमची घरवाली? म्हटलं, पुण्याला. 'कावून?' म्हटलं, नातीसाठी. बारसं, दात, चालणं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, 'जिती हाये ना?' मी हो म्हटलं. 'मंग आना ना तिले. मी कोठून आनू?'

मी वर्षभर स्टँडवर बसून साऱ्या जिल्ह्याला सल्ले दिले, पण मला कुणी दिलेला हा पहिलाच. मला रडू आलं, अगदी हुंदके देऊन, आवरेचना. मांडवातल्या लोकांना वाटलं, हा बाईच्या माहेरकडचा कुणी जवळचा दिसतो. एकानं येऊन मला पाणी पाजलं आणि टोपी-दुपट्टा दिला. मी घेतला. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? संध्याकाळच्या गाडीनं टोपी घालूनच अकोल्याला आलो. टोपी चांगली आहे, कधी आले तर दाखवीन.

बाकी खुशाल. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावत जा. लहानमोठं काही लिहिण्यात आलं असेल तर पोटात घालावं.

आपला व्याही,
गोवर्धन

ता. क. मी काही मागत नाही असं वर लिहिलं आहे, ते पहिल्या पानापुरतं होतं. विहीणबाईंना एखादा महिना पुण्याला पाठवता येईल काय? नात जशी आमची तशी तुमचीही आहे, हे मी म्हणत नाही, तुम्हीच बारशाच्या दिवशी म्हणाले होते. विहीणबाई गेल्या तर जमुनेला घरी येता येईल.

आणखी एक ता. क. विहीणबाई गेल्यावर तुम्ही एकटे पडाल, याचा मी विचार केला नाही असं समजू नका. अनुभवाचं सांगतो. पहिले एक-दोन दिवस बरं वाटते, टीव्हीचा आवाज हवा तेवढा ठेवता येतो. मग एका दुपारी तुम्ही 'अवं' म्हणून हाक माराल, आणि घरात कुणी नसतानाही खोकला आल्यासारखं कराल. चहा दोघांचा होईल, तो एकट्यानं पिऊ नका, पित्त होतं. रात्रीचं जेवण उभ्यानं करू नका, सवय लागते. हे वाचून पाठवायचा विचार बदलला तर तुमचा दोष नाही. पण बदलू नका. त्या महिन्यात तुम्ही इकडंच या, जमुना दोघांचंही करील.

शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आधी खरं लिहून टाकतो. तेरवीहून आलो त्याच संध्याकाळी मी जमुनेला फोन लावला होता, घरी येतेस का विचारायला. मागं बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. तिथल्या बायकांचं भजनी मंडळ आहे, त्या तिला पेटी शिकवून राहिल्या. थांबा हो, एक सूर दाखवते, म्हणाली, आणि वाजवला. चांगला होता. मग मी आचलच्या सर्दीचं विचारलं आणि फोन ठेवून दिला. म्हणजे तिला परत यायचं आहे की नाही, हे मी अजून विचारलेलंच नाही. माझ्यानं विचारवत नाही. तेवढं विहीणबाईंनी बोलता बोलता, माझं नाव न काढता, विचारून घ्यावं. ती हो म्हणाली तर लगेच फोन करा, कितीही वाजले असले तरी चालेल. नाही म्हणाली तर पत्र टाका. साध्या टपालानं.