अष्टमीचा ढाक

प्रिय ऋचा,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पुण्यात आमच्यासाठी बघून ठेवलेला फ्लॅट छानच असेल. पण आम्ही कोलकात्याचं हे डमडम सोडणार नाही, आणि मी इथे अडकून पडलेय हे तुझं म्हणणंही मला मान्य नाही.

बाबांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा पहिलं वर्ष मी रडण्यात घालवलं हे खरं. मग एका शनिवारी त्यांना सांभाळायला येणारी प्रतिमा घरी असताना मी उगाचच बराकपूरच्या गाडीत बसले. तिथे एका अंगणात बायका ढाक शिकत होत्या, दुर्गापूजेत वाजवतात तो खांद्याला अडकवायचा मोठा ढोल. शिकवणाऱ्या मालतीदींनी माझ्या हातात काठ्या दिल्या आणि साठीला टेकलेली तुझी आई काही मागे हटली नाही. आता दर शनिवारी जाते. खांदे भरून येतात, पण झोप गाढ लागते आणि बाबांना उठवून बसवताना हातात बळ असतं. घरी मी उशीवर सराव करते, तेव्हा ते डाव्या हाताने मांडीवर ताल धरतात. मी चुकले आणि काठीला दोष दिला की हसतात. नाचता येईना अंगण वाकडं, असंच त्यांना म्हणायचं असतं. त्यांचं सगळं करता करता मी सुखात आहे, बाळा.

तुला आठवतं ना, घट बसले की आपण घर रिकामं ठेवत नाही. इतकी वर्षं अखंड दिव्यापाशी मी थांबायचे आणि तुम्ही बापलेक खाली दुर्गेच्या मंडपात प्रसादाची खिचडी खाऊन यायचात. अष्टमीची आरती मी कायम गॅलरीतूनच पाहिली.

यंदा अष्टमीला आमच्या बायकांना आपल्याच मंडपात वाजवायला बोलावलंय. प्रतिमा पूजेत गावी जाते, तिला मी थांबवणार नाही. तू आलीस की पाहुण्यासारखी हॉलमध्ये बसतेस, बाबांचं अंग पुसायची वेळ झाली की फोन घेऊन बाहेर जातेस. तुला भीती वाटते. मलाही वाटायची. म्हणून फ्लॅट राहू दे, तू ये. थोडी आधीच ये, सगळं शिकवते. अष्टमीच्या संध्याकाळी दिव्यात तेल घाल, बाबांना भरव, मग त्यांना गॅलरीत बसव. यंदा घरी तू थांब, खाली मी जाते.

तुझीच,
आई