तसाच रायटर हवा

३ फेब्रुवारी, सोमवार

या खोलीतलं माझ्या हातचं — टेबल. टेबलावरचा दिवा. कॅसेटचे खण. दाराची कडी, जी एका बोटाने लागते. कॅसेट साफ करायचं यंत्र, शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारं. आणि कॉम्प्युटर, बाहेरचा डबा सोडून सगळा. कुणापाशी शिकलो नाही. जोडत गेलो, चुकत गेलो, जमत गेलं. गल्लीत ‘इंजिनियर’ म्हणतात. आधी चेष्टेने म्हणायचे, आता नुसतंच म्हणतात.

आज कॉम्प्युटरमधला डीव्हीडी रायटर गेला. ट्रे बाहेर येतो, आत जातो, दिवा लुकलुकतो, पुढे काही नाही. भिंग पुसलं. ट्रेचा पट्टा बदलला. लेसर पेटतच नाही. लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून सीड्या करून देतो त्यावर घर चालतं, आणि नेमका तोच भाग गेला.

“मग नवा आणा की,” ही म्हणाली. जसं काही कोथिंबीर आणायची आहे!

४ फेब्रुवारी, मंगळवार

घाई करायची नाही. मदरबोर्ड जुना, त्याला रुंद चपट्या पट्टीची केबल लागते. आता मिळतात ते सगळे बारीक केबलचे. बाहेरून जोडायचा घ्यावा तर तो यूएसबीवर चालतो, आणि या मशीनचं यूएसबी तेवढा करंट देत नाही. मीटर लावून पाहिलं. अर्ध्यात दम तोडेल आणि सीडी वाया. राहिलं काय, तर बारीक केबलचा नवा रायटर आणि मध्ये जोडायचं कार्ड. कार्डात भेसळ फार. सोल्डरिंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पार्ट्सच्या दुकानात गेलो. दुकानदार पोरसवदा, पण जीभ लांब. “काका, हा कॉम्प्युटर म्युझियमला द्या. तिकीट लावतील!”

म्हटलं, “तुझं दुकान उठेल त्या दिवशीही हा चालू असेल.”

चार रायटर उघडायला लावले. दोन हलके, पत्रा पातळ, गरगर फिरताना थरथरणार. एकाचा ट्रे सैल. चौथा घेतला. कार्डं सात पाहिली, आठवं घेतलं. “काका, लग्नाला मुलगी पण एवढी पाहत नाहीत हो.”

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बसवला. पहिल्या फटक्यात लागला! आवाज नाही, थरथर नाही. नवी सीडी लिहून पाहिली — स्वच्छ.

मग सहज म्हणून खणातली, माझ्याच हातची, मागल्या वर्षीची एक सीडी घातली. वाचेना. दुसरी घातली. वाचेना.

भिकार माल. उद्या परत करणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

परत करायला गेलो. पोराने माझी सीडी दुकानातल्या तीन मशीनांवर लावली. एकावरही नाही. “काका, रायटर चांगलाय. सीडीच गेलीय.” मी त्याला नको ते बोललो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

घरी येऊन खणातल्या माझ्यासाठी ठेवलेल्या सगळ्या सीड्या एकेक करून लावल्या. चार वर्षांपूर्वीच्या लागतात. गेल्या तीन वर्षांतली एकही लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी जुना रायटर उघडला होता.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहून काढतो. तेव्हा तो अडखळायला लागला होता. सगळे म्हणाले, नवा घे. मी म्हटलं, बघतो. भिंग ज्या दांड्यांवर सरकतं त्यांच्या टोकांना तीन बारीक स्क्रू असतात. कंपनी ते बसवून वर लाल लाखेचा ठिपका देते, म्हणजे हात लावू नका. मी लावला. कानाने ऐकत ऐकत फिरवले, आणि तो सुरळीत चालला! महिनाभर भेटेल त्याला सांगत होतो.

चालला, पण तिरका. तिरकं लिहायचा, आणि स्वतःचं तिरकं स्वतःच वाचायचा. देण्याआधी प्रत्येक सीडी मी तपासायचो. कशावर? त्याच्यावरच.

तीन वर्षं लोकांना जे दिलं ते जगात एकच मशीन वाचू शकत होतं. ते सोमवारी मेलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवताना ही म्हणाली, “तोंड का पाडलंय? दात दुखतोय का?” हो म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

समोरच्या इस्त्रीवाल्या ताई आल्या. हातात सीडी, मी दिलेलीच. त्यांचा नवरा गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची नव्हती. आता ती नोकरीला परक्या मुलखात चालली आहे, रविवारी निघणार. दिराच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरा तीनेक मिनिटं बोलतो. बोलता-चालता तो एवढाच उरला आहे. मुलीला ते फोनमध्ये घालून न्यायचंय.

ताई गेल्या वर्षीही आल्या होत्या, घरी लागत नाही म्हणून. तेव्हा मी इथे, जुन्या रायटरवर लावून दाखवली होती. “बघा, लख्ख चालते. तुमचा प्लेअर भंगार आहे.” बाईने नवा प्लेअर घेतला. इस्त्री करून करून!

आणि कॅसेट? ती मीच टाकायला लावली होती. “बुरशी धरलीय, ताई. ही सीडी शंभर वर्षं टिकेल.”

आज ताई म्हणाल्या, “भाऊ, ती तुमची शंभर वर्षं मोजायची तरी कुठून? नव्या प्लेअरवर पण ही बया बोलत नाही.” आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

“मशीन बंद आहे. शनिवारी देतो,” म्हटलं. आणि सीडी ठेवून घेतली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवा, चांगला, सरळ रायटर या कामाचा नाही. तिरकं वाचायला तिरकाच पाहिजे. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा रायटर शोधायचा आणि तसाच बिघडवायचा.

पोराकडे गेलो. शनिवारचं बोललेलं मनात होतं. त्यानेच खुर्ची दिली. ऐकून म्हणाला, “चांगला देतो तर परत करता, आणि भंगारातला मागता? काका, बरे आहात ना?” मग फोन फिरवले. एका बंद पडलेल्या कॉलेजचे जुने कॉम्प्युटर गावाबाहेरच्या गोदामात पडले होते. दोघं गेलो. धुळीतून उपसून दोन रायटर मिळाले, हुबेहूब तेच.

येताना वाटेत त्याने एकदाच विचारलं, “स्क्रू कुणी फिरवले होते?”

“मी.”

त्याने हातातल्या रायटरवरची धूळ शर्टाने पुसली. शहाणं पोरगं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

किती फिरवले होते ते आठवत नव्हतं. पण लाख फुटते तिथेच तिची खूण राहते. अर्धा ठिपका स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. ते दोन अर्धे एकमेकांपासून किती लांब, तेवढा स्क्रू फिरलेला. मेलेल्या रायटरचे तीन ठिपके भिंगाखाली पाहिले. पहिला पाव फेरा. दुसरा त्याहून थोडा कमी. तिसरा उलट्या दिशेला, जेमतेम.

कॉलेजच्या पहिल्या रायटरवर तेवढंच करायला गेलो. दुसऱ्या स्क्रूचं डोकं झिजलं. स्क्रूड्रायव्हर निसटला. या हाताचं असं कधी झालं नव्हतं. तो रायटर गेला.

आता एकच उरला.

हिला सगळं सांगितलं. वाटलं, बोलेल. दिवा उचलून माझ्या हाताजवळ धरून उभी राहिली. “हं, फिरवा,” एवढंच म्हणाली. लाख तडकली तेव्हा दोघांनाही ऐकू आली. चांगली धडधाकट वस्तू, आणि मी मोजून-मापून बिघडवत होतो.

ताईंची सीडी घातली. घरघरला. थांबला. पुन्हा घरघरला. पडद्यावर मांडव आला.

लगेच कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. मग हाताकडे पाहत बसलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मायलेकी आल्या. नवरा खांबाला टेकून उभा, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. कॅमेरावाल्याला म्हणतो, “माझा कसला काढतोस? नवरदेव तिकडे झोपलाय, त्याला उठव आधी!” मग कॅमेऱ्यामागे कुणाकडे तरी पाहून, “ही बघा, आली ओरडायला.”

मुलगी म्हणाली, “आई, एवढा बारीक आवाज?”

“बारीकच होता! फोनवर बोलला की लोक ‘ताई’ म्हणायचे.” ताई हसायला लागल्या. हसताहसता पदर तोंडावर गेला.

मुलीने चार वेळा लावायला लावलं. चौथ्यांदा त्याच्याबरोबर ती स्वतःच बोलली, त्याच्यासारखंच, बारीक आवाजात.

जाताना ताई म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही होतात म्हणून.” नव्या प्लेअरचं सांगणार होतो. त्याऐवजी मुलीच्या फोनमध्ये ते नीट उतरलंय का, तेच पुन्हा पाहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलगी गेली. मग मी ताईंकडे गेलो. सांगितलं — सीडी, प्लेअर, कॅसेट, सगळं. इस्त्री चालूच होती. एक शर्ट पुरा झाला, घडी झाली.

“म्हणजे मी उगाच त्या प्लेअरच्या दुकानदाराशी भांडले,” म्हणाल्या. आणि नंतर, “बाकीच्यांना सांगितलंत?”

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाकीचे. तीन वर्षांतली सगळी घरं. निम्म्यांनी सीडी कपाटात ठेवली असेल आणि कॅसेट टाकली असेल, माझं ऐकून. वाचणारा रायटर एकच, तोही भंगारातला, कधी मान टाकेल नेम नाही. कुणी विचारलं तर सीडीच्या कंपनीवर ढकलता येईल. कुणाला कळणार नाही. ‘इंजिनियर’ म्हणतच राहतील.

ही म्हणाली, “दारावर लिहून लावलंत तर कोण येईल पुन्हा?”

मी म्हटलं, “कोणी नाही.”

मग पाटीसाठी पुठ्ठा कापायला घेतला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौकातला फोटोवाला आला. उंबऱ्यात उभा राहून दारावरची पाटी पुन्हा वाचली: ‘तीन वर्षांत इथून नेलेल्या सगळ्या सीड्या परत आणा. चूक माझी आहे. पैसे लागणार नाहीत.’ म्हणाला, “वेडे आहात. आज काढा ही. धंदा, गिऱ्हाईक, नाव, सगळं मी विकत घेतो.” नको म्हटलं. अडीच लाख देत होता.