बाबांची वचनपेटी

घर,
ता. ६ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
ताईचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की भांडतो आणि शेजारच्या खोलीत बाबांना सगळं ऐकू जातं, म्हणून लिहायला बसले. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

बाबांचा आवाज अजून बसलेलाच आहे. परवा त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि आत स्वरतंतूवर गाठीसारखं काहीतरी आहे म्हणाले. वाईट आहे का, असं मी विचारलं, तर आत्ताच सांगता येत नाही म्हणे. छोटासा तुकडा काढून तपासू, मग बोलू. आवाज परत येईल का, तर तेही सांगता येत नाही. मी फिरवून फिरवून विचारलं, पण उत्तर तेच. इतकी वर्षं शिकून ज्याला स्वतःलाच काही माहीत नाही, त्याच्या हातात बाबांचा गळा कसा द्यायचा, तूच सांग.

तोवर त्यांना बोलायला मनाई आहे. गळ्यात पाटी अडकवून फिरतात आणि हवं ते खडूने लिहून दाखवतात. काल माझ्या कामावर शेरा लिहिला की झग्याच्या बाह्या सुंदर, फक्त माणूस आत मावला पाहिजे. गायकवृंदाचे नवे झगे शिवते आहे ना, त्याबद्दल. मी हसले, पण रविवारी चर्चमध्ये उपासनेत पाहवेना गं. ज्या माणसाने सगळ्या मंडळीला सूर धरायला शिकवलं, तो शेवटच्या बाकावर पुस्तक मिटून बसला होता.

घरी आल्यावर मी आपण नेहमी करतो तेच केलं. प्रार्थना केली, डोळे मिटले आणि बाबांच्या वचनपेटीतून बायबलमधल्या वचनाची एक चिठ्ठी काढली. शांत राहा, ही लढाई माझी आहे, अशा अर्थाचं वचन आलं. आता याहून स्पष्ट काय हवं? तुझं शिक्षण, हे घर घेणं, सगळं आपण या पेटीला विचारून केलं आणि कधी पस्तावलो नाही. तेव्हा मी ठरवलं आहे की बाबांच्या गळ्याला कुणी हात लावायचा नाही. महिला मंडळ रोज प्रार्थना करतं आहे. तूही कर, आणि कृपा करून वाद घालू नकोस.

जावईबापूंना सलाम सांग. कळावे, मनात काही न ठेवता लोभ असू दे.

तुझी,
ताई

*

चष्म्याचं दुकान,
ता. ११ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
धाकटीचा सप्रेम सलाम. वि. वि.

वाद घालू नकोस म्हणालीस, म्हणजे घालणार हे तुला ठाऊकच होतं. गिऱ्हाईक नाही तेवढ्यात लिहिते. घरी जाईपर्यंत थांबले तर याहून वाईट लिहीन.

माझं काम तुला माहीत आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं की आधीची स्पष्ट की ही. कधीकधी मी मुद्दाम तीच काच काढून परत तीच लावते. तरी कितीतरी जण सांगतात की ही जास्त स्पष्ट. ते खोटं बोलत नाहीत गं. त्यांना खरंच तसं दिसतं, कारण तसं दिसावं असं त्यांना वाटत असतं. म्हणून मी कुणाच्याही पहिल्या उत्तरावर चष्मा बनवत नाही.

आता ताई, एक कर. कापड बेतायच्या टेबलावर पेटी उपडी कर आणि सगळ्या चिठ्ठ्या वाच. त्यात नाही, थांब, तू चुकते आहेस, असं म्हणणारी एक तरी सापडते का बघ. सापडली तर मी हरले. नाही सापडली, तर तू देवाला विचारलंस असं म्हणू नकोस. ज्याला होच म्हणता येतं त्याला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. लगेच मला मंडळीतून काढू नकोस. प्रार्थना मीही करते. पण देवाने डोकं दिलं ते काय फक्त विंचरायला?

मी इथल्या एका मोठ्या शस्त्रवैद्याला बाबांचे कागद दाखवले. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं की वेळ घालवू नका, सरळ ऑपरेशन करून गाठ काढून टाका. आवाज गेला तर गेला, जीव राहील. असा खात्रीचा माणूस पाहिजे. मी पंचवीस तारीख ठरवून टाकली आहे. तू बाबांना घेऊन ये. तुला जमत नसेल तर मी येते न्यायला.

मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही, हे तुला दिसत नसेल म्हणून लिहिते. कळावे, रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझी,
धाकटी

*

घर,
ता. १७ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस पेटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा फिरायला गेल्यावर दार लावून टेबलावर उपडी केली.

एकही नाही. ‘भिऊ नको’ आहे, ‘मी तुझ्याबरोबर आहे’ आहे, ‘वाट सरळ करीन’, ‘अश्रू पुशीन’, सगळं आहे. ‘थांब’ नाही, ‘परत फीर’ नाही, ‘स्वतःच्या शहाणपणावर विसंबू नकोस’ हेसुद्धा नाही. सगळ्या चिठ्ठ्या गोड. मी त्यातली कुठलीही उचलली असती तरी तिच्यातून मला हवं तेच वाचलं असतं, आणि मला काय हवं होतं ते आता लिहायलाही लाज वाटते. बाबांचा आवाज जाऊ नये एवढंच हवं होतं. ऑपरेशन नाही म्हणजे भीतीही नाही, असा माझा हिशोब होता. त्यावर मी देवाची सही घेतली.

तेव्हापासून हातात काम टिकत नाही. एका झग्याला दोन्ही बाह्या उजव्या लावून बसले. प्रार्थनेला बसते तर माझा माझाच आवाज ऐकू येतो आणि मग शंका येते की इतकी वर्षं मी दुसरं काही ऐकलं होतं का. हा प्रश्न तू मला दिलास आणि स्वतः मोकळी झालीस, याचा मला फार राग आहे.

पण इतक्यात मोकळी होऊ नकोस. काल मी फोन केला तेव्हा तू दुकानात होतीस. जावईबापू भोळे, त्यांच्या पोटात काही राहत नाही. म्हणाले की ही तीन डॉक्टरांकडे जाऊन आली, पहिल्या दोघांनी आधी तुकडा तपासा असंच सांगितलं, मग तिसरे भेटले तेव्हा कुठे हिला बरं वाटलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी एकदा हात घातला आणि थांबले, तू हवी ती चिठ्ठी येईपर्यंत काढत राहिलीस. तुझ्या पेटीला फक्त बाहेर पदव्यांची पाटी आहे, एवढाच फरक. तिथे तुझी तीच काच पुन्हा लावायची युक्ती कुठे गेली होती?

मी बाबांना पंचवीस तारखेला आणणार नाही. पण आणायचं नाही असं म्हणायचाही मला आता अधिकार वाटत नाही. मग काय करायचं, ते तू लिही.

कळावे. लोभाचं आज काही लिहवत नाही, तो धरून चाल.

तुझी,
ताई

*

घर,
ता. २१ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझ्या जावईबापूंना मी अजून काही बोलले नाही. तुझं पत्र वाचून आधी यांच्यावरच चिडले होते; नंतर कळलं की राग यांनी खरं सांगितल्याचा आहे.

तू लिहिलंस ते तसंच्या तसं खरं आहे. पहिल्या डॉक्टरांकडून निघाले तेव्हा जिन्यातच ठरवलं की यांना अनुभव कमी. दुसऱ्यांचे केस पांढरे होते, तर म्हटलं यांचं ज्ञान जुनं. तिसऱ्यांनी कागद नीट उलटले की नाही तेही आता आठवत नाही. त्यांचा आवाज ठाम होता, तेवढं आठवतं. मला गाठ दिसेनाशी व्हायला हवी होती, लगेच, कुणीतरी कापून नेलेली. तू भीतीपोटी थांबलीस आणि मी भीतीपोटी धावले. वर मी तुला डोकं वापरण्यावर प्रवचन दिलं. दोघी एकाच माळेचे मणी.

पंचवीस तारीख रद्द केली आहे. काल दिवसभर गिऱ्हाइकांना काच विचारताना माझाच आवाज मला ऐकू येत होता. एका बाईंनी सांगितलं की त्यांना दोन्हींत फरक कळत नाही, तर त्यांचे हात धरावेसे वाटले. तेवढं एक वाक्य बोलायला आपल्याला किती जड जातं.

आणि ताई, तुझ्या घशाच्या डॉक्टरांनी दुसरं काय केलं होतं? तपासल्याशिवाय माहीत नाही एवढंच म्हणाले. आपण दोघींनी त्यांनाच बाजूला ठेवलं.

आणखी एक गोष्ट सकाळपासून टोचते आहे. ही चार पत्रं झाली. गळा कुणाचा आहे, त्या माणसाला आपल्यापैकी कुणी काही विचारलं का? मी नाही विचारलं. तू?

कळावे. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
धाकटी

*

घर, मागची खोली,
ता. २६ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिका (मु. चष्म्याचं दुकान) व चि. उत्तरपत्रिका (मु. पुढची खोली) यांस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राच्या दोन प्रती केल्या आहेत, म्हणजे मी कुणाला जास्त लिहिलं यावरून नवीन भांडण नको. ताई धाकटीची पत्रं आणि स्वतःच्या पत्रांचे कच्चे खर्डे शिवणयंत्राच्या खणात ठेवते आणि कुलूप लावत नाही, म्हणजे परवानगी आहे असं मी धरलं. माझा घसा बसला आहे. कान आणि डोळे शाबूत आहेत.

आधी बातमी. मी काल एकटाच घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. पाटी घेऊन गेलो होतो, त्यामुळे त्यांना माझं सगळं ऐकून घ्यावं लागलं. येत्या गुरुवारी तुकडा काढणार आहेत. हे मी ठरवलं. तुम्ही दोघी माझ्यासाठी इतक्या दमला आहात, म्हटलं आपणही थोडी मदत करावी.

मी त्यांनाच का निवडलं, तर त्यांना माहीत नाही असं म्हणता येतं. आयुष्यभर पुस्तकं बांधली आणि गायकवृंद सांभाळला. सूर चुकणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. जो स्वतःचाच आवाज ऐकत गातो, त्याला कुणी सुरात आणू शकत नाही. आणि त्याला वाटतं की बाकी सगळी मंडळीच बेसूर आहे.

आता पेटीबद्दल. तुमची आई गेली तेव्हा तुम्ही दोघी लहान होता आणि दिवा मालवला की रडायचात. बांधणीतले उरलेले पुठ्ठे कापून मी ती पेटी केली, निळं कापड लावलं, आणि शास्त्रातली तेवढीच वचनं लिहिली जी ऐकून लेकरं झोपतील. कडक वचनं मुद्दाम ठेवली नाहीत. आजही ठेवणार नाही. घाबरलेल्या पोरांना कुणी दटावत नाही. ती पेटी मी सोबतीला दिली होती, निवाड्याला नाही. तुम्ही मोठ्या झालात, पेटी तेवढीच राहिली. तिला काही कळत नाही, हे मी तुम्हाला कधीच सांगितलं असतं, पण तुम्ही तिला इतके मोठे प्रश्न विचारत होता, हे मलाच माहीत नव्हतं. मला वाटायचं तुम्ही अजून झोप येण्यासाठीच चिठ्ठी काढता.

ताई, तू इतकी वर्षं काही ऐकलंस की नाही याची चिंता करू नकोस. ऐकलं असशील. देवाला माहीत आहे हा आपला विश्वास. पण देवाला माहीत आहे म्हणजे आपल्याला माहीत आहे असं नव्हे. एवढी फट ठेवली की प्रार्थनेला जागा होते. आणि धाकटे, प्रश्न विचारत राहा, फक्त अधूनमधून एखादा स्वतःलाही घाल.

पेटीची थोडी दुरुस्ती केली आहे. काय केलं ते सांगत नाही. शोधा.

कळावे. तुमचा लोभ मला कधी कमी पडला नाही, पुढेही पडू देऊ नका.

तुमचे,
बाबा

*

घर,
ता. ७ मार्च

प्रिय धाकटीस,
ताईचा सप्रेम सलाम. वि. वि.

गुरुवारी तुकडा काढला. बाबा ठीक आहेत, पातळ तेवढं गिळतात, आणि पाटीवर परिचारिकेची तक्रार लिहितात की ती बेसूर गुणगुणते. तू येऊन दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलीस ते बरं झालं. एक गोष्ट मात्र तिथे तुला सांगता आली नाही. सांगायला गेले असते तर रडले असते, आणि मग तूही.

गुरुवारी सकाळी निघायच्या आधी माझा हात सवयीने पेटीत गेला. जुनी खोड. डोळे मिटून चिठ्ठी काढली, उघडून पाहते तर कोरी. उलटी केली, मागेही काही नाही. आधी वाटलं, पुसलं गेलं असेल. मग दुसरी काढली तर वचन, तिसरी पुन्हा कोरी. बाबांनी नवीन पुठ्ठ्याच्या कितीतरी कोऱ्या पट्ट्या कापून जुन्या चिठ्ठ्यांत मिसळल्या आहेत. कडा अगदी जुन्यांसारख्या घासल्या आहेत, हाताला फरक लागू नये म्हणून.

मी तशीच ती हातात धरून उभी राहिले. तुला सांगते, त्या कोऱ्या पट्टीची मला जितकी भीती वाटली तितकी गाठीचीही वाटली नव्हती. मग सुचलं की हिच्यावर काही नाही, म्हणजे आता कुणाला तरी विचारायला जायला हवं. मागच्या खोलीत गेले. बाबा बुटांचे बंद बांधत होते. तुझ्या त्या पत्रापासून टोचत होतं ते त्यांना विचारलं, की बाबा, तुम्हाला भीती वाटते का.

त्यांनी पाटी घेतली आणि आधीचं लिहिलेलं बाहीने पुसलं. मग लिहिलं, हो. आई गेली तेव्हापासून तेच आपल्याला भिऊ नका सांगत आले आणि आपणही कधी त्यांना उलट विचारलं नाही. मी खाली बसून त्यांच्या दुसऱ्या बुटाचा बंद बांधला. मग आम्ही प्रार्थना केली. मी मोठ्याने, ते पाटी मांडीवर ठेवून. पहिल्यांदाच मी देवाला काय करायचं ते सांगितलं नाही. शब्द फार थोडे सुचले.

अहवाल मंगळवारी येणार आहे. काय येईल मला माहीत नाही. हे वाक्य लिहून मी परत वाचलं, आणि खोडलं नाही. मंगळवारी तू येच. आवाज राहिला तर बाबांना घेऊन पुढच्या बाकावर बसू, नाही राहिला तरी पुढच्याच बाकावर बसू, आणि आपण दोघी गाऊ. तू बेसूर आहेस, तरी.

ती कोरी चिठ्ठी मी पेटीत परत ठेवली नाही. या पाकिटात घालते आहे. दुकानात काचांच्या खोक्यात ठेव.

कळावे, लोभ आहे तसाच राहू दे, आणि नसेल तेव्हा विचार.

तुझी,
ताई